सुरक्षेचा आजार

लोकांना 'घाबरू नका' असं सांगण्याचा मी पगार घेतो. मोहोपाड्याजवळच्या एका रसायन कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. हेल्मेट घाला, गळती झाली तर आधी वारा कुठून येतोय ते बघा, पळू नका, ढकलू नका, डोकं शांत ठेवा. ही वाक्यं मी इतक्या वेळा बोललोय की झोपेतही तीच बडबडतो, असं बायको म्हणते. माझं स्वतःचं डोकं शांत आहे याबद्दल कारखान्यात कुणालाच शंका नव्हती. एकदा खरोखरच एका टाकीचा व्हॉल्व्ह गेला होता. तेव्हा मी सगळ्यांना बाहेर काढलं, व्हॉल्व्ह बंद करणाऱ्यांच्या शेजारी शेवटपर्यंत उभा राहिलो आणि मग कॅन्टीनमध्ये जाऊन दोन वडे खाल्ले. त्या वड्यांची गोष्ट नव्या भरतीला अजून सांगतात.

म्हणूनच पुढे जे झालं ते मला फार लागलं.

थंडीतली एक सकाळ होती. मॉक ड्रिल, म्हणजे अपघाताची रंगीत तालीम, ठरलेली होती. भोंगा वाजला, माणसं रांगेनं मैदानात जमली. स्टोअरमधला एक जण डोक्याला लाल शाईचं बँडेज बांधून टाकीजवळ जखमी म्हणून आडवा झाला होता. चार जणांनी स्ट्रेचर घेऊन धावत यायचं, त्याला उचलून दवाखान्यात न्यायचं, असा बेत. मी हातात कर्णा घेऊन सांगत होतो, "लक्षात ठेवा, वायूपेक्षा घाई वाईट."

'घाई' शब्दावर माझ्या छातीत काहीतरी उसळलं. कारण काहीच नव्हतं. उन्हात उभा होतो, सकाळी पोहे खाल्ले होते, घरी भांडण नव्हतं. पण काळीज असं धडधडायला लागलं की समोरच्या रांगेला ऐकू जाईल. हाताला मुंग्या आल्या. श्वास वरच्या वर अडकला. समोरची माणसं काचेपलीकडे गेल्यासारखी दिसू लागली. आपण मरतोय, एवढा एकच विचार स्पष्ट होता. कर्णा हातातून सुटला आणि मी गुडघ्यांवर बसलो.

स्ट्रेचरवाल्या पोरांना वाटलं, साहेबांनी या वेळी गुपचूप बेत बदललाय. ते टाकीकडे निघालेले मध्येच वळले, मला उचललं आणि विलक्षण चपळाईनं पळाले. इतकी चांगली कामगिरी त्यांनी ना आधी केली होती, ना नंतर. मागून टाळ्यांचा आवाज आला. "अरे, खरंच होतंय मला," असं मी म्हणत होतो, आणि डोक्याकडून स्ट्रेचर धरलेला पोरगा म्हणाला, "एक नंबर, सर. अगदी खरं वाटतंय."

स्टोअरवाला लाल शाईचं बँडेज बांधून बराच वेळ टाकीपाशी पडून होता. त्याला कुणी उचललंच नाही.

कारखान्याच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्तदाब पाहिला. तोवर माझं सगळं ओसरलं होतं. ते म्हणाले, "तुम्हाला काही नाही." पनवेलला जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनीही हसतमुखानं तेच सांगितलं. काही नाही, हे ऐकून माणसानं पेढे वाटायचे. मी मात्र तोंड पाडून घरी आलो, कारण दोनच दिवसांनी पेट्रोल भरताना मला ते पुन्हा झालं, आणि नंतरच्या आठवड्यात लिफ्टमध्ये.

डॉक्टरांपाशी नाव नव्हतं तरी बाकीच्यांकडे कारणं भरपूर होती. बायकोनं ठरवलं, पित्त. वालाचं बिरडं बंद झालं, जिऱ्याचं पाणी सुरू झालं. नेरळजवळ कळंबला शेती बघणाऱ्या धाकट्या भावानं ठरवलं, करणी. शेजारच्या शेतात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी रिसॉर्ट झालं होतं आणि आमच्या उभ्या भातावर कुणाची तरी नजर आहे, असं त्याचं म्हणणं. युनियनचे पुढारी म्हणाले, बढती हुकली त्याचं मनाला लागलंय. बढती हुकली होती हे मला तेव्हाच कळलं. कॅन्टीनमध्ये मात्र एकमत होतं: गॅस. आयुष्यभर गॅसगळतीवर व्याख्यानं दिलेल्या माणसाच्या पोटात गॅस, यावर लोक आठवडाभर हसले.

मी माझ्या परीनं उपाय सुरू केले. धोका दिसला की तो टाळायचा, हे माझं शिक्षण. पेट्रोल भरताना झालं ना, मग ते काम बायकोकडे. लिफ्ट बंद, जिना सुरू. घाटात झालं तर काय, म्हणून बोरघाट बंद. लग्नात मांडवाच्या कडेची खुर्ची. खिशात जिभेखाली ठेवायची गोळी, हातात पाण्याची बाटली, पाकिटात बायकोचा आणि दोन दवाखान्यांचे नंबर लिहिलेलं कार्ड. पेशाला जागून मी स्वतःसाठी इतकी चोख व्यवस्था केली की सहा महिन्यांत माझं जग घर ते कारखाना एवढं उरलं. आणि त्यातही, गंमत म्हणजे, ते व्हायचं थांबलं नव्हतंच.

शेवटी कारखान्याच्या डॉक्टरांनीच एका कागदावर पत्ता लिहून दिला. "खोपोलीच्या शिळफाट्याला एक समुपदेशक बसतात. मानसशास्त्र शिकलेल्या आहेत. जाऊन तर या."

"म्हणजे मी वेडा आहे?"

"वेडे असतात ते असं विचारत बसत नाहीत," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

शिळफाट्याच्या बाजारात, औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर ती खोली होती. मी गाडी दूर लावली आणि ओळखीचं कुणी नाही असं पाहून झपकन जिना चढलो. कॉलनीत बायकोनं सांगून ठेवलं होतं, दाताच्या डॉक्टरकडे गेलेत. पाचव्या शनिवारी शेजारच्या वहिनींनी विचारलं, "भाऊजींना दात तरी किती आहेत?"

समुपदेशक बाई माझ्या पुतणीच्या वयाच्या निघाल्या. मला जरा अपमानच वाटला. त्यांनी अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं. मग मला अचूक क्रमानं सांगितलं की मला काय होतं: आधी छाती, मग हात, मग श्वास, मग मरणाचा विचार.

"याला पॅनिक अॅटॅक म्हणतात. फार लोकांना होतो. फार लोक आधी हृदयाच्या डॉक्टरकडेच जातात."

"पण कारण काय?"

"पहिल्यांदा का झालं ते कदाचित कधीच कळणार नाही. दमला असाल, झोप कमी झाली असेल, चहा जास्त झाला असेल. पुन्हा पुन्हा का होतं ते मात्र सांगता येईल." त्यांनी कागदावर एक गोल काढला. "छातीत जरा धडधडलं की तुम्ही म्हणता, हा झटका. त्या विचारानं तुम्ही घाबरता. घाबरलं की छाती आणखी धडधडते. मग तुमची खात्री पटते. असं गरगर फिरत राहतं."

"पण मी काळजी घेतो की. गोळी आहे, बाटली आहे, कार्ड आहे."

त्यांनी ते सगळं टेबलावर काढून ठेवायला सांगितलं. मी मोठ्या अभिमानानं मांडलं. त्यांनी त्यातली गोळी बाजूला काढली.

"या गोळीनं आजवर तुम्हाला किती वेळा वाचवलं?"

"वापरलीच नाही कधी."

"मग जिवंत कसे राहिलात?"

मी गोळी उचलून बघितली आणि परत टेबलावर ठेवली.

"तुमचं मन म्हणतं, गोळी खिशात होती म्हणून वाचलो. त्यामुळे आपण तसेही मरणार नव्हतो, हे शिकायची संधीच तुम्ही त्याला देत नाही. सर, राग मानू नका. पण ही सगळी सुरक्षा आहे ना, तीच आता तुमचा आजार आहे."

पंचवीस वर्षं सुरक्षेत काढलेल्या माणसाला हे तोंडावर ऐकावं लागलं. मी म्हटलं, गोळ्याबिळ्या नसतात का यावर? त्या म्हणाल्या, असतात, काहींना लागतात, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवीन. आधी हे करून बघू.

'हे' काय ते पुढच्या शनिवारी कळलं. बाईंनी मला जागच्या जागी पळायला लावलं. मग सरबताची नळी तोंडात देऊन नाक दाबून तेवढ्यातूनच श्वास घ्यायला लावला. मग फिरत्या खुर्चीत बसवून गरगर फिरवलं. डोकं गरगरलं, छाती धडधडली, हाताला मुंग्या आल्या. अगदी तेच. ज्यापासून पळत होतो ते बाई पैसे घेऊन स्वतःच्या हातानं करवत होत्या.

"काय वाटतंय?"

"मरतोय."

"बरं. बसून राहू आपण. बघू मरताय का."

आम्ही दोघं बसून राहिलो. खाली बाजारात कुणीतरी केळ्यांचा भाव ओरडत होतं. हळूहळू छाती निवली. मी मेलो नव्हतो. बाईंनी वहीत लिहायला लावलं: काय होईल असं वाटलं होतं आणि काय झालं. ती वही पुढे माझ्या कुठल्याही अपघात-अहवालापेक्षा जाड झाली, फक्त तिच्यात एकही अपघात नव्हता.

मग घरचा अभ्यास. बाटलीशिवाय कॅन्टीन. लिफ्टनं दुसरा मजला, मग चौथा. मांडवात मधोमध खुर्ची. एका रविवारचा अभ्यास होता: गोळी घरी ठेवून, एकट्यानं गाडी चालवत कळंबला आईकडे जायचं. नेरळ सोडून नदीवरच्या पुलावर मला झालं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी त्याला होऊ दिलं, कडेला थांबलो, पुन्हा निघालो. अंगणात गाडी उभी केली तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. दहा मिनिटं मी तसाच स्टिअरिंग धरून बसलो.

आई पडवीत भिजवलेले वाल सोलत होती. ती सत्तरीला आलीय. तिनं सोलता सोलता माझ्याकडे बघितलं. मी शेजारी जाऊन बसलो.

"काय होतं रं तुला? बारका सांगत होता, कुनी काय केलंय."

करणी नाही, म्हणून मी तिला समजेल असं सांगायला लागलो. शिळफाट्याच्या बाई काय करायला लावतात, छातीत कसं होतं, कसं वाटतं. तिनं मला मध्येच थांबवलं.

"पाखरू अडकल्यावानी फडफडतं? आन पाय आपले नाय असं होतं?"

"हो."

"आन वाटतं, हितंच पडनार, समदे बघनार?"

"तुला कुणी सांगितलं हे?"

"सांगायला कशाला पायजे?" आईचे हात थांबले नव्हते. "मला होतं की. तुझी भन झाली तवापासनं."

बहीण माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी. म्हणजे चाळीस वर्षं.

इथं आईबद्दल सांगायला हवं. आमच्या भावकीत आई म्हणजे आदर्श होती. बाजाराला नाही, जत्रेला नाही, लग्नाला गेली तर गावातल्याच. कुणी बोलावलं की म्हणायची, "घरी म्हशी हायत, मी कशी येऊ?" तिचे सासरे, म्हणजे माझे आजोबा, कौतुक करायचे, सून असावी तर अशी, उंबऱ्याच्या आतली. वडील चारचौघांत अभिमानानं सांगायचे, हिला बाहेरचा सोसच नाही. तिचं माहेर घाटावर, मावळात. आजी, म्हणजे तिची आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही सगळे टेंपोत बसून गेलो आणि आई आली नाही. म्हैस विणार होती. तिथं बायका एकमेकींत कुजबुजल्या, पण आमच्याकडे मात्र तिचं वजन वाढलं. मोठेपणी मीही मित्रांना सांगितलंय, आमच्या आईचा संसारात असा जीव. म्हशी विकून कितीतरी वर्षं झाली, तरी आई कुठं जात नाही यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलासुद्धा.

"आजीच्या वेळेला..." मी विचारलं.

"निघाले होते. लुगडं नेसले होते. टेंपोच्या फळीवर पाय ठेवला आन झालं." तिनं वालाची सालं बाजूला सारली. "म्हशीला अजून पंधरा दिवस होते."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"तुझ्या आजोबांना सांगितलं. त्यांनी भगत आनला. त्यानं दोरा बांधला आन म्हनला, वाहतं पानी वलांडू नको. झालं. पुलापल्याड जायचं कामच मिटलं." आई जराशी हसली. "तुझी बाई म्हनते, जिथं भ्या वाटतं तिथं जा. माझा भगत म्हनला, जाऊ नको. भगताचं ऐकायला सोपं होतं रं."

मी घरी येताना पूल ओलांडला तेव्हा मला काही झालं नाही. माझं लक्षच नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी बाईंसमोर माझी वही उघडलीच नाही, आईचंच सांगत बसलो. त्या म्हणाल्या, त्यांना घेऊन या. पण शिळफाटा पुलापलीकडे! ज्या आजारामुळे आईला पूल ओलांडता येत नव्हता त्याचा उपचार पुलापलीकडेच होता. शेवटी बाई तिच्याशी व्हिडिओवर बोलल्या. आईनं पदर नीट करून त्यांना एकच प्रश्न विचारला.

"यानं मरतं का मानूस?"

"नाही मरत. खूप घाबरायला होतं. पण आपण पळालो नाही तर ते आपोआप उतरतं."

"मग इतकी वर्सं कुनी सांगितलं नाय ते?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "सांगायला हवं होतं."

मी उत्साहानं आईसाठी तक्ता बनवला. दहा पायऱ्या. पहिली, वेशीपर्यंत चालणं. दुसरी, गाडीत बसणं, इंजिन बंद. प्रत्येक पायरीपुढे तारीख आणि शेऱ्याचा रकाना. कारखान्यात असे तक्ते भरताना लोक का कुरकुरतात ते मला कधी कळलं नव्हतं. आईनं तो तक्ता देवाच्या फोटोमागे ठेवून दिला.

दहा दिवसांनी भावाचा फोन आला. आवाज चढलेला. "आई घरात नाय! शेअर रिक्षात बसून नेरळला गेली म्हनतात. एकटी!"

मी पोचलो तोवर ती परत आली होती. पिशवीत सुकट होती. रिक्षात पुलावर झालं, म्हणाली, मग बाजारात आणखी जोरात झालं. कांदेवालीच्या पोत्यावर बसून राहिली. कांदेवालीनं पाणी विचारलं तर म्हणाली, "नको बाय, उतरंल आपोआप." उतरलं. मग सुकट घेतली, कारण एवढं आलोच आहोत तर.

मला चौदा शनिवार लागले होते. मी बाईंकडे जरा कुरकुरलो. त्या हसल्या, पण म्हणाल्या, तुलना करू नका, आणि त्यांचं सोपं झालं असं समजू नका.

ते खरं निघालं. पुढचा महिनाभर आई कुठंच गेली नाही. जेवण कमी झालं. भावाच्या बायकोला वाटलं, पुन्हा तेच. पण ते तेच नव्हतं. मी गेलो तेव्हा ती चुलीपाशी बसून होती, आणि चिडली होती. मी तिला इतकी चिडलेली कधी पाहिली नव्हती.

"समदे मला चांगली म्हनायचे," ती म्हणाली. "मी भ्यायची, आन हे म्हनायचे चांगली. माझी आई गेली, आन हे म्हनायचे चांगली. तूबी म्हनायचास."

मी तिच्याजवळ चुलीपाशी बसलो. बाईंनी वहीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते सांगितलेलं नव्हतं. मग मी विचारलं, "मामाकडे जायचं का?"

"घाट लागतो," ती म्हणाली.

"मलाही लागतो," मी म्हणालो. मी घाटात गेलो नव्हतो त्याला वर्ष होऊन गेलं होतं. माझ्या यादीत तेवढीच पायरी उरलेली होती आणि मी बाईंना दर वेळी काहीतरी सांगून ती पुढे ढकलत होतो.

रविवारी सकाळी निघालो. पूल गेला, कर्जत गेलं, खोपोली गेली. आई खिडकीची कड घट्ट धरून बसली होती, ओठ हलत होते, पण थांबव म्हणाली नाही. घाट सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर मलाच झालं. हात स्टिअरिंगवर ओले झाले.

"तुला झालंय नं?" आईनं न बघता विचारलं.

"हो."

"मरशील का?"

"नाही."

"मग बाजूला घे जरा. पन परत फिरायचं नाय."

रुंद जागा बघून मी गाडी कडेला घेतली. ट्रक घरघरत शेजारून जात होते. आम्ही दोघं आपापलं उतरायची वाट बघत बसलो. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाबरोबर इतक्या शिस्तीत संकटात बसलो नव्हतो. मग मी गाडी सुरू केली.

मामा थकलेत, त्यांना ऐकू कमी येतं. त्यांना आधी वाटलं, कुणी तरी मतं मागायला आलंय. मग ओळख पटली आणि ते रडले. आई रडली नाही. आजी जिथं बसायची ती जागा कुठली, एवढं तिनं विचारलं. तिथं आता मोटारसायकल उभी होती. मामेभावानं ती हलवली आणि आई तिथं भिंतीला टेकून चहा प्यायली. दोन कप प्यायली.

परत निघायला दुपार झाली. लोणावळा मागे पडलं आणि घाटाचा उतार सुरू झाला, तेव्हा मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं. पुढच्या वळणाला होईल, त्याच्या पुढच्याला होईल असं म्हणत एकेक वळण उतरत होतो. आधार म्हणून शेजारी बघितलं. आईची मान खिडकीला टेकली होती, तोंड थोडं उघडं, ती गाढ झोपली होती. खाली खोपोली दिसायला लागली, उतार संपला, मी शिळफाट्याला गाडी थांबवली. तेव्हा तिनं डोळे उघडले, पदर सावरला आणि सावध होत विचारलं,

"घाट आला का रं?"